हावड्याच्या अलीकडे

कलकत्त्याला जायचं माझ्या कधी मनातही नव्हतं. कोल्हापुरात माझा फोटो स्टुडिओ बरा चालला होता. नवरा-नवरी, मुंजीतले बटू आणि पदवीच्या झग्यात घाम गाळणारे चिरंजीव यांना खुर्चीवर बसवून 'हलू नका' म्हणण्यात आयुष्य सुखानं चाललं होतं. त्यात दिवाळीनंतर माझ्या मावसभावाचं, वसंताचं पत्र आलं. वसंता सरकारी हिशेबखात्यात असतो आणि बदलीनं तिकडे आहे. त्याची बायको सुमती तिथे मंजुलादेवी नावाच्या एका बाईंकडे गाणं शिकते. बाईंची लाँग प्ले रेकॉर्ड निघणार आहे, तिच्या वेष्टनावर त्यांचा फोटो छापायचा आहे, आणि बाईंनी कंपनीला अट घातली आहे की फोटोग्राफर कोल्हापूरकडचाच हवा. सुमतीनं स्वतःच्या लग्नातला मी काढलेला फोटो त्यांना दाखवला. झालं, आमचं नाव नक्की.

तोवर रेकॉर्डी यायच्या त्या खाकी पाकिटात. मधल्या भोकातून लेबल दिसायचं, गाणाऱ्याचं तोंड कधी दिसायचं नाही. आता ही नवी मोठी तबकडी निघाली होती, वीस-वीस मिनिटं एका बाजूला वाजणारी, आणि तिच्यावर गाणाऱ्याचा चेहरा छापण्याची टूम निघाली होती. बाई बंगालच्या, गाणं बंगालचं आणि फोटो कोल्हापूरचा, हे त्रांगडं मला काही उलगडलं नाही. पण कलकत्ता बघायला मिळतोय तर का सोडा, असा सरळ हिशेब करून मी होकार कळवला.

निघताना बायकोनं सुमतीसाठी जोंधळ्याचं पीठ बांधून दिलं. "तिकडे सगळा भाताचा कारभार. पोर भाकरीला आचवली असेल," ती म्हणाली. मी कॅमेऱ्याच्या पेटीला तिसऱ्यांदा दोरी आवळत होतो. ते बघून ती पुढे म्हणाली, "पेटीला जपता त्याच्या निम्मं तरी स्वतःला जपा."

पुणं केलं, कल्याणला कलकत्ता मेल धरली आणि मग दोन रात्री नुसतं बसून राहायचं काम. नागपूरला संत्री घेतली, ती रायपूरपर्यंत पुरली. पुढे भाताची खाचरं लागली. आमच्याकडे ऊस संपला की माळ लागतो, इथे भात संपला की पुन्हा भातच. खडगपूरचा फलाट संपता संपेना. समोर बसलेल्या एका वृद्ध बंगाली गृहस्थांनी मला विचारलं, "कोथाय जाबेन?" (कुठे जाणार?) मी कलकत्ता म्हणताच त्यांनी असा आनंद दाखवला की जणू मी त्यांच्याच घरी उतरणार होतो.

हावड्याला उतरलो आणि पहिला दणका बसला. कॅमेऱ्याची लाकडी घोडी (तिपाई) हमालाच्या डोक्यावरून वसंताच्या टॅक्सीपर्यंत पोचली, पण कॅमेरा तिच्यावर धरून ठेवणारा पितळी स्क्रू वाटेत कुठे तरी गळाला होता. फलाटावर मी ओणवा होऊन शोधतोय आणि हजारभर माणसं माझ्यावरून जाताहेत, असा तो देखावा. वसंता हसून हसून बेजार झाला. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. टॅक्सी पुलावर चढली तेव्हाही मी घोडीच कुरवाळत होतो. वसंता म्हणाला, "दादा, जगातला एवढा मोठा पूल आहे, निदान मान तरी वर करा." मी मान वर केली. पोलादाचं ते अवाढव्य जाळं डोक्यावरून सरकत होतं आणि खाली नदी, गढूळ आणि संथ. तिला ते गंगाच म्हणतात.

वसंताचं बिऱ्हाड भवानीपुरात, दुसऱ्या मजल्यावर. पीठ बघताच सुमतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी एवढ्या लांबून आलो त्याचं इतकं कौतुक झालं नव्हतं. तिनं हात धुतले आणि लगेच परातीला बसली. पहिल्या दोन भाकऱ्या फडक्यात गुंडाळून तिनं बाजूला ठेवल्या. "या बाईंच्या," ती म्हणाली. "भावोजी, त्यांच्याशी मराठीत बोला हं. त्यांना फार बरं वाटतं."

"बाई मराठी आहेत?"

"कुरुंदवाडच्या. इथे कुणाला ठाऊक नाही. खरं नाव आनंदी. कंपनीवाल्यांनी पहिल्या रेकॉर्डीच्या वेळीच मंजुलादेवी केलं, आणि इथले लोक त्यांना बंगालीच समजतात."

कुरुंदवाड म्हणजे आमच्या कोल्हापुरापासून एसटीनं दीड-दोन तासांची वाट. मी तिथल्या संस्थानिकांच्या घरचे फोटो काढले होते, घाटावर आंघोळ केली होती. आणि कुरुंदवाडची बाई बघायला मला कलकत्ता गाठावं लागलं होतं.

बाई चितपूर रस्त्याला राहत. उत्तर कलकत्त्यातला हा रस्ता इतका अरुंद की मधून ट्राम गेली की दोन्हीकडची माणसं दारांत शिरून उभी राहतात. खाली सगळी वाद्यांची दुकानं. सतारी, एसराज, ढोल टांगलेले. माझी घोडी बघून एका पेटीच्या मिस्त्रीनं विचारपूस केली. त्यानं हार्मोनियमच्या भात्याचा एक जाड स्क्रू काढून घोडीत बसवून बघितला आणि तो बसला. तेव्हापासून आजतागायत माझा कॅमेरा हार्मोनियमच्या स्क्रूवर उभा आहे.

जिना चढून गेलो तर बाई दारातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, किरकोळ अंगाच्या. लाल काठाची पांढरी साडी बंगाली पद्धतीनं नेसलेल्या. मी नमस्कार केला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "कोल्हापुरास्नं आलासा न्हवं? वाटंत हाल झालं असतील. बसा. आदी पानी प्या."

कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. तीस वर्षं बंगाल्यांत राहून बाईंचं ते गेलं नव्हतं. बोलताना शब्द मात्र चाचपडत यायचे, अडगळीतून एकेक भांडं काढून पुसावं तसे. सुमतीनं दिलेल्या भाकऱ्या मी पुढे ठेवल्या. त्यांनी फडकं सोडलं, भाकरी नाकाजवळ नेली आणि तशीच धरून बराच वेळ बसल्या. मग चतकोर मोडून खाल्ली आणि उरलेली पुन्हा फडक्यात बांधली. मी खिडकीतून ट्राम बघत असल्याचं सोंग केलं.

"फोटू रेकॉर्डीवर छापत्यात न्हवं?" त्यांनी विचारलं. "मग ती रेकॉर्ड आपल्याकडं येईल?"

"कोल्हापूरच्या दुकानांत येईल कदाचित."

"कुरुंदवाडला?"

मी हसलो. "तिथवर कुणी तरी न्यावी लागेल."

"मग तुमीच न्या," त्या म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना गाणं शिकवणाऱ्या बुवांना इथल्या एका जमीनदारांनी बोलावून घेतलं होतं. आनंदीचं लग्न ठरलं होतं. हळद लागायच्या आधीच ती बुवा आणि त्यांच्या पत्नीबरोबर निघून आली, कारण सासरी गाणं बंद होणार हे तिला सांगून झालं होतं. मागे वडिलांनी तिच्या नावानं आंघोळ केली. जिवंत मुलीला मेलेली धरून नदीवर जाऊन अंगावर पाणी घेतलं आणि घरात तिचं नाव काढायची बंदी केली. तिनं पाठवलेली पत्रं न फोडता परत आली. पुढे बुवा गेले, त्यांच्या पत्नी गेल्या. तिकडे वडीलही गेले, ही खबर एका प्रवासी हरदासाकडून कळली. आता माघारी एकच माणूस उरलं होतं, धाकटी बहीण गोदा. कुरुंदवाडलाच दिली आहे, घरचं भांड्यांचं दुकान आहे.

"मी आलो तवा धा वर्सांची व्हती," बाई म्हणाल्या. "रेकॉर्ड तिच्याम्होरं ठेवायची. पर सांगायचं न्हाई, ही तुजी आक्का म्हनून. वळीकलं तर वळीकलं."

"का नाही सांगायचं?"

"बापाच्या शब्दाभाईर मी गेलो. तिचा संसार हाय, पोरीबाळी हायत. तिनंबी शब्द मोडावा असं मी कोन म्हननार? तिच्या मनात आसंल तर ती वळकंल. नसंल तर रेकॉर्ड बगून ठिवून दील. कुनाला बोल न्हाई."

"पण तीस वर्षांनी ओळखणार कशी?"

त्यांनी कुंकवाच्या खाली, दोन भुवयांच्या मधोमध बोट ठेवलं. तिथे गोंदणाचे तीन हिरवट ठिपके होते. दोन शेजारी आणि एक खाली. जत्रेत गोंदणारीण आली तेव्हा गोदा भिऊन रडायला लागली, म्हणून आनंदीनं आधी आपलं कपाळ पुढे केलं आणि तोंडातून हूं की चूं न करता गोंदून घेतलं. 'बघ, कायबी होत न्हाई,' म्हणाली. मग गोदानं तस्संच, तेवढंच गोंदून घेतलं.

मी आजवर शेकडो चेहरे काढले असतील. तो चेहरा कुणाला दिसावा म्हणून काढायचा, हे इतकं स्पष्ट मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोटोच्या वेळी कंपनीतर्फे सान्यालबाबू आले. गोरेपान, धोतराचा सोगा हातात धरलेले, गोड बोलणारे आणि आपलंच खरं करणारे. बाई आतून बाहेर आल्या आणि बाबूंचा चेहराच उतरला. बाईंनी इरकली लुगडं नेसलं होतं, नऊवारी, हिरव्या अंगाचं. कुरुंदवाड सोडताना अंगावर होतं तेच. ट्रंकेत जपून ठेवलेलं, घड्यांवर विरलेलं.

"मोशाय, ये तो हमारी मंजुलादेवी नहीं है," सान्यालबाबू माझ्याकडे वळून कळवळले. लोकांच्या मनात त्यांची एक मूर्ती आहे, लाल काठ, मोकळे केस. हे काय भलतंच? बाई शांतपणे एवढंच म्हणाल्या, "ऍकटा छोबि आमार मोतो होक." (एक तरी फोटो माझ्यासारखा होऊ दे.) बाबूंना मानावं लागलं. गरज कंपनीला होती, कारण गाणं बाईंच्याच गळ्यात होतं.

खिडकीतून उजेड छान येत होता. समोरून सावली उजळायला मी पांढरी चादर टांगली. पण आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. खालून ट्राम गेली की सगळं घर हलायचं, जमीन थरथरायची आणि माझं चित्रही. एक गेली की दुसरी यायच्या आत काढायचं. त्यात बाई कॅमेऱ्यासमोर ताठ. हात तंबोऱ्यावर, मान सरळ, डोळे वटारलेले. माझ्या स्टुडिओतला मुंजीचा बटू यापेक्षा मोकळा बसतो. मी म्हटलं, "गा," तर आणखीच अवघडल्या. 'हसा' म्हणायची माझी छाती झाली नाही.

शेवटी मी म्हटलं, "तंबोरा उतरलाय."

खरं तर उतरला नव्हता. पण गाणाऱ्या माणसाला एवढं बोललं की पुरतं. बाईंनी लगेच मान कलती केली, कान तारेजवळ नेला आणि खुंटी पिळायला लागल्या. तंबोरा मिरजेचा होता, भोपळ्यावर हस्तिदंती वेल असलेला. मग तंबोऱ्याच्या भोपळ्यावरच्या पुलावर तारेखाली असतो तो दोरा त्यांनी नखानं केसभर सरकवला, तार पुन्हा छेडली, पुन्हा सरकवला. तार भरून बोलायला लागली तशा बाई आमच्यातून निघून गेल्या. ओठ जरासे सुटले, डोळे खिडकीकडे लागले. त्या डोळ्यांपुढे चितपूर रस्ता नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. ट्राम नुकतीच पुढे गेली होती. मी बटण दाबलं.

सान्यालबाबू कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत डोकावून खूश झाले. "खूब भालो! कपालेर ओइ दाग..." (कपाळावरचे ते डाग...) म्हणून त्यांनी बोटानं पुसल्याची खूण केली. बाई एकदम म्हणाल्या, "ना." मी बाबूंना बाजूला घेऊन समजावलं. काही झालं तरी ते ठिपके पुसायचे नाहीत. त्यांनी मान डोलावली. निगेटिव्ह कंपनीच्या मालकीची, धुवायचीही त्यांच्याच अंधारखोलीत, असा करार होता. म्हणून पाकिटावर मी स्वतः ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलं की गोंदण आहे, त्याला हात लावू नये.

मग दोन दिवस वसंतानं मला कलकत्ता दाखवला. मैदान, बाजार, धूर आणि धुकं यांच्या मिसळणीतली संध्याकाळ, आणि नोलेन गूळ घातलेला संदेश (नव्या खजुरी गुळाचा पेढ्यासारखा प्रकार), जो मी लाज सोडून खाल्ला. एका दुपारी आम्ही फेरीबोटीतून नदी ओलांडायचं ठरवलं. सुमतीनं बाईंना बरोबर बोलावलं. बाई आल्या, पण धक्क्यापर्यंतच.

"तुमी जावा. मी हितं बसतो."

"भीती वाटते का पाण्याची?" मी विचारलं.

"कृष्णेच्या काटची मी, पान्याला काय भिनार?" त्या नदीपलीकडे बघत म्हणाल्या. "तकडं हावडा हाय. घरला जायची गाडी तिथनं सुटती. मी आलो तवा जुना तरता पूल व्हता, त्याच्यावरनं आलो. ह्यो नवा झाला, सगळं कलकत्ता बगून आलं. मी अजून पाय ठिवला न्हाई. पाय ठिवला तर थांबायचो न्हाई मी. आन् तकडं जाऊन दार कुनाचं वाजवू?"

बोट सुटली. धक्क्याच्या पायरीवर त्यांची पांढरी साडी बराच वेळ दिसत होती. दक्षिणेकडे बजबज गावच्या तागाच्या गिरण्यांकडे जाणारे पडाव, मालाच्या मोठ्या होड्या, ओळीनं चालले होते. मला एकदम घर आठवलं. मी तर परवाच जाणार होतो, तरी आठवलं.

जायच्या दिवशी बाई टॅक्सीत आमच्याबरोबर बसल्या. पूल सुरू होतो तिथे त्यांनी चालकाला थांबायला सांगितलं आणि उतरल्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी फडक्यात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं. वाटेत खायला निमकी (खारी शंकरपाळी) होती. "जावा," म्हणाल्या. गर्दीतून मागे वळून बघितलं तर त्या पुलाच्या पहिल्या खांबाला हात लावून उभ्या होत्या.

रेकॉर्ड उन्हाळ्यात पोस्टानं आली. मी घाईनं दोऱ्या कापल्या. फोटो उत्तम छापला होता. लुगड्याची घडी न् घडी दिसत होती, तंबोऱ्यावरचा वेल दिसत होता, आणि कपाळ स्वच्छ होतं. आरशासारखं लख्ख.

कुणी मुद्दाम केलं नसणार. आमच्या धंद्यात निगेटिव्हवर बसणाऱ्या माणसाचं कामच ते असतं. पेन्सिल घ्यायची आणि देवीचे वण, सुरकुत्या, तीळ पुसत जायचं. त्यानं पाकीट वाचण्याआधी चेहरा बघितला असणार आणि हात आपोआप चालला असणार. बाईंवर उपकारच केला त्यानं! मला इतका संताप आला की दुकान बंद करून मी पंचगंगेपर्यंत चालत गेलो. परत आल्यावर बारीक ब्रश काढला. तीन ठिपके, दोन शेजारी आणि एक खाली. डोळे मिटूनही काढले असते. पण ब्रश टेकवेना. मी ठिपके काढून नेले तर ते सांगितल्यासारखंच झालं असतं, आणि सांगायचं नाही असं बाई म्हणाल्या होत्या.

तशीच रेकॉर्ड घेऊन मी कुरुंदवाडची एसटी धरली. भांड्यांचं दुकान बाजारातच होतं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. गल्ल्यावर चाळिशीच्या एक बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या भुवयांच्या मधोमध ते तीन ठिपके होते. मी एक तांब्या मागितला आणि हात मोकळा करायच्या निमित्तानं रेकॉर्ड त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी तांब्या काढला, पदरानं पुसला, नख मारून वाजवून दाखवला. मग नजर खाली गेली. बघितलं. पुन्हा तांब्याकडे वळून त्याला कागद गुंडाळायला लागल्या. एक घडी, दुसरी घडी. सुतळी बांधली. संपलं, असं मी समजलो. तिच्या मनात नसेल तर बोल लावायचा नाही, हे ठरलेलं होतं. मी रेकॉर्ड उचलायला हात पुढे केला.

त्यांनी माझ्या आधी आपला तळवा तिच्यावर ठेवला.

"हिचं गोंदन कुनी पुसलं?"

"छापणाऱ्यानं," मी म्हटलं.

"पुसून जातंय व्हय ते?" गोदाबाई म्हणाल्या, आणि आवाज फुटला. "आंगूळ करून गेलं न्हाई, आन् त्येच्या छापन्यानं जातंय?"

मग त्यांनी दुकानाची फळी लावली, मला आत बसवलं आणि मी सगळं सांगितलं. भाकरीचं, लुगड्याचं, तंबोऱ्याचं. पुलाचं सांगितलं तेव्हा त्यांनी मला तिथेच थांबवलं आणि तेवढंच पुन्हा सांगायला लावलं. डोळे पुसले, उठल्या, चपला घातल्या. "तार हापिस उगडं आसंल. चला," म्हणाल्या.

तारमास्तर ओळखीचे होते. त्यांनी विचारलं, "काय लिहू, गोदाबाई?" गोदाबाईंनी रेकॉर्ड छातीशी धरली होती. सांगायच्या आधी त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"लिवा," त्या म्हणाल्या. "आक्का, पूल वलांड. दार मी उगडतो."